फॉन्टला भोकं पाडून शाई वाचते, पण कागदाचं काय?

छोटा डिझाइन स्टुडिओ ‘हिरवा’ करायचा म्हटलं की पहिली सूचना हमखास फॉन्टची येते. शाई कमी खाणारा फॉन्ट वापरा. सूचना सोपी आहे, फुकट आहे, गिऱ्हाइकाला सांगताना छान वाटते, आणि तिच्यामागे आकडेही आहेत. छपाईचे निर्णय कोण घेतं आणि कधी घेतं, हाच माझ्या पीएचडीचा विषय असल्याने हे आकडे मला सारखे भेटतात. आज ते तुमच्यासोबत जरा नीट वाचायचे आहेत. माझं म्हणणं असं की ते खोटे नाहीत, पण चुकीच्या जागी लावलेले आहेत. आणि त्याची किंमत मोजतो तो दोन-तीन माणसांचा स्टुडिओ.

सुरुवात इकोफॉन्टपासून करू. २००८ साली स्प्रँक नावाच्या डच कंपनीने हा फॉन्ट काढला. बिटस्ट्रीम व्हेरा सॅन्स हा आधीच मोफत असलेला फॉन्ट घेतला आणि त्याच्या अक्षरांच्या दांड्यांत बारीक गोल भोकं पाडली. छोट्या आकारात छापलं की भोकं डोळ्याला फारशी जाणवत नाहीत, आणि शाई २० टक्क्यांपर्यंत वाचते, असा दावा होता. कल्पना चतुर आहे, यात वादच नाही. मोठ्या आकारात अक्षर अगदी चीजच्या तुकड्यासारखं दिसतं, आणि माझ्या मते त्याच्या प्रसिद्धीचं खरं कारण तेच. बचत डोळ्यांना दिसते.

मग २०१० मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ग्रीन बे शाखेने ईमेलचा नेहमीचा फॉन्ट एरियलवरून सेंच्युरी गॉथिक केला. कारण सेंच्युरी गॉथिकच्या रेषा बारीक, त्यामुळे शाई सुमारे ३० टक्के कमी लागते. इथे पहिली गोम आहे. सेंच्युरी गॉथिक अंगाने रुंद आहे. एरियलमध्ये एका पानात मावलेला मजकूर यात दुसऱ्या पानावर चार ओळी सांडू शकतो. त्या चार ओळींसाठी अख्खा कागद गेला, तर शाईची बचत कुठल्या कुठे जाते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०१४ साली एका १४ वर्षांच्या अमेरिकन शाळकरी मुलाचं काम जगभर गाजलं. शाळेच्या हँडआउटमध्ये जास्त येणारी अक्षरं त्याने निवडली, वेगवेगळ्या फॉन्टमध्ये त्यांना किती शाई लागते ते सॉफ्टवेअरने मोजलं, आणि खातरजमा म्हणून तीच अक्षरं मोठी करून जाड कागदावर छापली, कापली आणि तोलली. निष्कर्ष असा की गॅरामाँड वापरला तर शाई साधारण २४ टक्के वाचेल. पुढे हाच हिशेब अमेरिकी सरकारांना लावून जवळपास ४० कोटी डॉलरच्या बचतीचा आकडा बातम्यांत फिरला. मला हे काम मनापासून आवडतं. अक्षरं कापून तोलणं ही पद्धत आमच्यातल्या कित्येकांना सुचली नसती.

पण थॉमस फिनी या फॉन्टतज्ज्ञाने लगेच नेमकी अडचण दाखवली. पॉइंट हे दिसणाऱ्या अक्षराचं माप नसतं. ते अक्षर ज्या काल्पनिक चौकटीत बसवलेलं असतं त्या चौकटीचं माप असतं. १२ पॉइंटचं गॅरामाँड १२ पॉइंटच्या टाइम्सपेक्षा मुळात लहान दिसतं. टाइम्सच तेवढं लहान केलंत तरी शाई वाचेलच की! मराठीत काम करणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांना जागा ठेवावी लागते, म्हणून त्याच पॉइंटमध्ये आपलं अक्षर इंग्रजीशेजारी बारकं दिसतं आणि आपण निमूटपणे दोन पॉइंट वाढवतो. शिवाय सरकारची पुष्कळ छपाई ऑफसेटवर होते. तिथे शाई किलोच्या डब्यात येते, कार्ट्रिजच्या भावाने नव्हे. कार्ट्रिजचा भाव धरून ऑफसेटचा हिशेब मांडला की आकडा फुगतोच.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये रायमन इको आला. ग्रे लंडन ही जाहिरात संस्था आणि मोनोटाइपचे अक्षरकार यांनी रायमन या स्टेशनरीच्या दुकानांच्या साखळीसाठी केलेला. अक्षर सलग भरलेलं नाही, बारीक समांतर रेषांचं आहे. छोट्या आकारात शाई पसरून मधल्या फटी भरतात, मोठ्या आकारात रेषा सुंदर दिसतात. दावा सरासरी ३३ टक्के शाई-बचतीचा. या सगळ्यांत अक्षर म्हणून मला हेच सरस वाटतं. इकोफॉन्टमध्ये भोकं तयार अक्षराला नंतर पाडली आहेत, इथे शाई पसरणं हे मुळापासून डिझाइनमध्ये धरलं आहे. पण हा फॉन्ट कोणी काढला ते पुन्हा बघा. कागद आणि कार्ट्रिज विकणाऱ्या दुकानाने. असं दुकान ‘कमी शाईत छापा’ म्हणेल. ‘कमी छापा’ म्हणेल का?

आता वजनाचा हिशेब करू. ए-शून्य आकाराचा कागद एक चौरस मीटर असतो आणि ए-फोर त्याचा सोळावा भाग. म्हणजे ८० जीएसएमचं एक ए-फोर पान बरोबर ५ ग्रॅम भरतं. शाईच्या बाजूला आपल्याकडे घरोघरी दिसणारं एचपीचं १२ए कार्ट्रिज घ्या. पानाचा ५ टक्के भाग काळा धरून त्यातून २००० पानं निघतात असं कंपनी सांगते, आणि रिफिल करणारा त्यात साधारण १०० ग्रॅम पूड भरतो. पानाला पडली ०.०५ ग्रॅम. फॉन्ट बदलून त्यातले २५ टक्के वाचवले, तर ४०० पानं छापल्यावर वाचलेल्या पुडीचं वजन एका कोऱ्या पानाइतकं होईल.

तुम्ही म्हणाल, टोनर म्हणजे बारीक दळलेलं प्लास्टिकच, ग्रॅमला ग्रॅम कसं तोलता? बरोबर आहे. टोनर कागदाच्या दहापट वाईट धरा. मग ४० पानांवरची बचत एका पानाएवढी झाली. तीच ४० पानं पाठपोट छापली असती तर २० कागद वाचले असते! आणि गिऱ्हाइकाला पाठवलेल्या पीडीएफचं कव्हर तुम्ही पूर्ण काळं केलंत आणि ऑफिसातल्या कोणी ते प्रिंट केलं, तर त्या एका पानाने मजकुराच्या २० पानांची पूड खाल्ली. फॉन्ट कुठलाही असो.

म्हणजे फॉन्टला काहीच अर्थ नाही? आहे, पण तो शाईतून येत नाही, पानांच्या संख्येतून येतो. आपल्याकडची पुस्तकं, अहवाल, स्मरणिका फर्म्यात छापल्या जातात. १८×२३ इंची कागदावर दोन्ही बाजूंनी डेमी आकाराची १६ पानं बसतात. मजकूर ६८ पानांवर गेला तर चार फर्मे आणि वर चार पानं. त्या चार पानांसाठी वेगळ्या प्लेटा, मशीनची वेगळी जुळवणी, आणि रंग जुळेपर्यंत वाया जाणारे कागद. हजार प्रती असतील तर जादा चार पानांचे निव्वळ २५० शीट, वाया गेलेले वेगळे. हेच काम ६४ वर आणता आलं तर? थोडा आटोपशीर फॉन्ट, दोन ओळींतलं अंतर किंचित कमी, आणि सगळ्यात मोठं म्हणजे अध्यक्षांच्या मनोगतातले दोन परिच्छेद कमी. (हे शेवटचं सगळ्यात अवघड, मला माहीत आहे.) उलट ६० वरून ५९ पानं केलीत तर काहीही वाचत नाही. फर्म्याच्या सीमेजवळ असाल तेव्हाच अक्षराची निवड कागद वाचवते.

आकाराचंही तसंच. उघडल्यावर ८.५×११ इंचांचं माहितीपत्रक १८×२३ च्या शीटमधून चार निघतं, आणि ग्रिपर आणि कटिंगला इंचभर जागा उरते. गिऱ्हाईक म्हणालं, ‘जरा मोठं करू, ९×१२ करा.’ स्क्रीनवर फरक दिसतही नाही. पण आता शीटमधून सोयीने दोनच निघतात. कागद दुप्पट! प्रेसवाला चांगला असेल तर उरलेल्या पट्टीत कोणाची तरी व्हिजिटिंग कार्डं बसवेल, पण त्या भरवशावर आकार ठरवायचा नसतो. डिझाइन मंजूर झाल्यावर मग प्रेसवाल्याला कागद विचारायचा, ही उलटी पद्धत आपल्याकडे रूढ आहे आणि ‘इको’ म्हणवणारे स्टुडिओही बहुतेक वेळा तसंच करतात. मला हे भोकांच्या फॉन्टपेक्षा शंभरपट गंभीर वाटतं.

क्राफ्ट कागद, बियांचा कागद यांवर फार वेळ घालवत नाही. कागद तपकिरी आहे म्हणजे तो ब्लीच केलेला नाही, एवढंच कळतं. तो रद्दीपासून केलाय की नव्या लगद्यापासून, हे रंग सांगत नाही. आणि एफएससीचं चिन्ह डिझायनरने आपल्या मनाने चिकटवायचं नसतं, प्रेसकडे त्याचं प्रमाणपत्र असावं लागतं. लॅमिनेशनबद्दल मात्र एक गंमत सांगते. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या एकल-वापर प्लास्टिक बंदीच्या यादीत निमंत्रणपत्रिकेवर गुंडाळायची फिल्म आहे. पत्रिकेवर कायमची चिकटवलेली फिल्म नाही. गुंडाळलेली निदान सोलून वेगळी करता येते, चिकटवलेली कागदाची रद्दीही धड होऊ देत नाही. यादीत १०० मायक्रॉनपेक्षा पातळ बॅनरही आहेत, पण बाजारातलं नेहमीचं फ्लेक्स त्याहून जाड, म्हणून ते सुटतं. म्हणजे इथे कायदा तुमच्या वतीने निर्णय घेणार नाही. ‘मॅट लॅमिनेशन करूया ना, रिच दिसतं’ या वाक्याला उत्तर डिझायनरलाच द्यावं लागतं.

आता खरी दुखरी नस. हे सगळं छोट्या स्टुडिओला कळत नाही असं नाही. प्रश्न पोटाचा आहे. ‘छपाई आमच्याकडे द्या, डिझाइन फुकट’ ही आपल्या बाजारातली जुनी रीत. डिझायनरची मजुरी छपाईच्या दरात लपलेली असते. समजा हजार माहितीपत्रकं १२ रुपये दराने दिली, त्यात तुमचे २ रुपये. तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत की ६०० पुरतील, तर तुमच्या खिशातून ८०० रुपये गेले. वर ऑफसेटचा दर संख्येबरोबर उतरतो, त्यामुळे गिऱ्हाईकच म्हणतं, ‘दोन हजार काढून ठेवा, स्वस्त पडतं.’ इथे पर्यावरण, गिऱ्हाइकाची समजूत आणि तुमचं पोट अशी तिघांची ओढाताण होते, आणि त्यात कोण हरतं ते उघड आहे. म्हणून फॉन्ट लोकप्रिय. फॉन्ट बदलल्याने कोणाचाच धंदा कमी होत नाही.

या विषयावरचं लिखाण वाचताना मला राग येतो तो यासाठी. कुठला कागद, कुठली शाई, कुठला फॉन्ट, हिरवं होस्टिंग, सगळं सांगतात. बिल कसं करायचं ते सांगत नाहीत. माझ्या मते कोटेशनवर तीन ओळी वेगळ्या हव्यात. डिझाइनचे पैसे, छपाईवर देखरेखीचे ठरावीक पैसे (प्रती ६०० असोत की २०००), आणि प्रेसचं बिल जसंच्या तसं. मग संख्या कमी सुचवताना तुमचा हात थरथरणार नाही. तोटा असा की शेजारचा डिझाइन फुकटच देतोय, आणि तुमची पहिली ओळ वाचूनच निम्मी गिऱ्हाइकं उठून जातील. लग्नपत्रिका आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर असा स्टुडिओ चालणार नाही, हे मी सरळ मान्य करते.

चालला तर तो दरवर्षी काहीतरी छापावंच लागणाऱ्यांवर चालेल. पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांची नियतकालिकं, ट्रस्टच्या स्मरणिका. या गिऱ्हाइकांकडे एक गोष्ट असते जी एकदाच येणाऱ्याकडे नसते, ती म्हणजे उरलेल्या प्रतींचं कपाट. तुमचा असा स्टुडिओ असेल, तर पहिल्या बैठकीला फॉन्टचे नमुने नेऊ नका. ते कपाट उघडायला सांगा आणि मागच्या वर्षीचे किती गठ्ठे सुतळीसकट तसेच पडलेत ते मोजा. यंदा किती छापायचे ते त्यावरून ठरवा, आणि ते सांगण्याचे पैसे बिलात लावा.