चुलीपुढची श्रद्धा

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’तली एखादी तरी हकिगत ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. दिवाळीचा फराळ आटोपल्यावर चार माणसे ओसरीवर बसली, की टिळकांच्या विसराळूपणाच्या गोष्टी निघतात. मग कुणीतरी पुस्तक काढून वाचू लागतो आणि वाचणाऱ्यालाच हसू आवरत नाही. या आत्मचरित्राचे चार भाग १९३४ ते १९३७ या काळात प्रसिद्ध झाले. तेव्हापासून त्याच्या बोलक्या भाषेविषयी, विनोदाविषयी आणि प्रांजळपणाविषयी इतके लिहिले गेले आहे, की त्यात भर घालण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. मला पडलेला प्रश्न निराळा आहे. हे एका ख्रिस्ती बाईचे आत्मचरित्र आहे. देवावर भरवसा ठेवून तिने आपला अर्धाअधिक संसार केला. मग तो भरवसा या पुस्तकात नेमका दिसतो कुठे?

हा प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. धर्मनिष्ठ माणसाने लिहिलेले पुस्तक कसे असावे याविषयी आपल्या मनात एक साचा ठरून गेलेला असतो. संकट यावे, डोळे मिटून धावा करावा, दाराची कडी वाजावी आणि हवे होते तेवढेच पैसे घेऊन कुणी उभा असावा! सर्वच धर्मांच्या भाविक वाङ्मयात अशा हकिगतींचा सुकाळ आहे. दुसरा साचा वादाचा. बाबा पदमनजी हे मराठी ख्रिस्ती वाङ्मयातले फार मोठे नाव. १८५४ साली ते ख्रिस्ती झाले, १८५७ साली त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले, आणि ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपल्या मतांतराची कहाणी सांगितली. ती कहाणी ग्रंथ वाचणाऱ्या, शंका घेणाऱ्या आणि वाद घालणाऱ्या तरुणाची आहे. तिची पायरी न् पायरी विचाराने बांधलेली आहे.

‘स्मृतिचित्रे’ या दोन्ही साच्यांत बसत नाही. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने धर्मग्रंथांचा काथ्याकूट केलेला नाही आणि चमत्कारांची जंत्रीही दिलेली नाही. तिच्या पुस्तकात आहे ते घर: चूल, पाण्याची घागर, आजारी मूल, न सांगता येणारे पाहुणे आणि महिनाअखेरीस रिकामे होणारे डबे. वरवर वाचणाऱ्याला वाटते, की धर्म हा या पुस्तकातला एक प्रसंग आहे आणि बाकी सगळा संसार आहे. माझ्या मते हे वाचन चुकीचे आहे. लक्ष्मीबाईंचा धर्म शोधायचा तो स्वयंपाकघरातच शोधला पाहिजे. त्याची सुरुवातही तिथेच झाली आहे.

त्यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे घर गोखल्यांचे. वडील सोवळ्याने झपाटलेले. १८५७ च्या धामधुमीत जवळच्या आप्ताला फाशी झाली, त्याचा धक्का बसून त्यांचे मन या सोवळ्यात जाऊन अडकले. बाहेरून येणारा प्रत्येक जिन्नस धुऊन घ्यायचा, अगदी मीठसुद्धा! मीठ धुतल्यावर उरणार काय, हा प्रश्न त्या घरात कुणी विचारायचा नाही. लक्ष्मीबाई हे सगळे हसत सांगतात आणि आपणही हसतो. पण हसून झाल्यावर वाचकाने क्षणभर थांबावे असे मला वाटते. त्या घरात देवाचे नाव काही कमी घेतले जात नव्हते. तरी त्या घरावर राज्य होते ते भीतीचे. कुणाचा स्पर्श होईल, काय बाटेल, कुठून अमंगळ आत शिरेल, याची अहोरात्र धास्ती. देवाला मानणे आणि देवावर विसंबणे या दोन गोष्टींत किती अंतर असू शकते, हे या पहिल्याच प्रकरणांत लेखिकेने एकही विधान न करता दाखवून दिले आहे.

पुढची हकिगत सर्वांच्या परिचयाची आहे. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झाले. नवरा बुद्धिमान, कवी, पण पायाला भिंगरी लागलेला. न सांगता घर सोडून जायचा आणि वाटेल तेव्हा परत यायचा. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने नारायण वामन टिळकांच्या हाती ‘नवा करार’ दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. कुंकू आहे आणि नवरा नाही, अशा अवस्थेत लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी चार-पाच वर्षे नातलगांच्या आश्रयाने काढली. काही काळ त्या पंढरपुरास होत्या. अखेर त्या टिळकांकडे अहमदनगरला आल्या, पण धर्म सोडला नाही. पतीच्या सावलीला राहून त्यांनी आपली चूल वेगळी मांडली. सोवळे तसेच चालू ठेवले.

या वेगळ्या चुलीपासून १९०० सालच्या त्यांच्या बाप्तिस्म्यापर्यंतचा भाग मला साऱ्या पुस्तकाचा गाभा वाटतो. टिळकांनी पत्नीवर सक्ती केली नाही, आणि लक्ष्मीबाईही पतीला खूश करण्यासाठी ख्रिस्ती झाल्या नाहीत. बाप्तिस्म्याच्या आधी त्यांच्या मनाने एक वेगळाच निकाल लावला. जाती देवाने केल्या की माणसाने? माणसाने केल्या असतील, तर त्या आपण का पाळायच्या? या विचाराने त्यांनी कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. ख्रिस्ताकडे जाणारी त्यांची वाट अशी पाण्याच्या भांड्यावरून गेली. मनाने निकाल दिला, तरी अंगात मुरलेले सोवळे मात्र सहजी गेले नाही. घशाखाली घोट उतरवताना पोटात ढवळले, ही गोष्टही त्या लपवीत नाहीत. एखाद्या प्रचारकाने हा भाग गाळला असता. ‘त्याच क्षणी सारा अंधार नाहीसा झाला’ असे लिहून तो मोकळा झाला असता. लक्ष्मीबाई सांगतात ते आपल्या सर्वांच्या अनुभवातले आहे. विश्वास मनात एका दिवसात येतो; हातात, जिभेत आणि पोटात उतरायला त्याला पुष्कळ दिवस लागतात.

मीठ धुणाऱ्या बापाची लेक परक्याच्या हातचे पाणी पिते, एवढी एकच घटना घेतली तरी या आत्मचरित्राचा आलेख काढता येईल. भीतीच्या धर्मातून ती भरवशाच्या धर्मात आली. हिंदू धर्म भीतीचा आणि ख्रिस्ती धर्म भरवशाचा, असे मात्र कुणी समजू नये. लक्ष्मीबाईंनी तसे कुठेही सुचवलेले नाही. संकटात त्यांना हात देणारी हिंदू माणसे पुस्तकात ठायी ठायी भेटतात आणि त्यांच्याविषयीची माया धर्मांतरानंतरही आटत नाही. बालकवी ठोमरे टिळकांच्या घरी राहिले ते हिंदू म्हणूनच. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर पोटच्या मुलासारखे प्रेम केले आणि त्या प्रेमाला अट घातली नाही. टिळकही आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असे मानीत. असा पूल ओलांडून आलेले माणूस मागचा काठ जाळत नाही.

आता या संसारातल्या दुसऱ्या भरवशाकडे, म्हणजे खुद्द टिळकांच्या भरवशाकडे वळले पाहिजे. तो अफाट होता. हातात आलेला पैसा बाजारापर्यंत पोचेलच याची खात्री नसे. वाटेत कुणी गरजू भेटला की तो त्याचा झाला. उद्याचे काय, या प्रश्नाला देव आहे हे उत्तर तयार! ही श्रद्धा थोर आहे यात शंका नाही. पण घरात पीठ नाही हे ज्या बाईला सकाळी डबा उघडल्यावर कळते, तिने काय करायचे? मराठी संतवाङ्मयाच्या वाचकाला हा प्रश्न नवा नाही. तुकोबांच्या घरी जिजाबाई होतीच. परंपरेने तिला तोंडाळ ठरवले आणि तिची बाजू मांडायचे कष्ट फारसे कुणी घेतले नाहीत. ‘स्मृतिचित्रां’चे एक मोठेपण असे, की इथे त्या बाजूची बाईच लेखणी घेऊन बसली आहे. देवावर भार टाकणारा एक असतो. तो भार प्रत्यक्ष उचलणारे माणूस बहुधा दुसरेच असते, आणि ते स्वयंपाकघरात असते.

इथे वाचकाची एक चूक हटकून होते. लक्ष्मीबाईंचा शहाणपणा पाहून आपण त्यांच्या पक्षाला जातो आणि टिळकांना एक गोड, वेंधळा कवी म्हणून बाजूला ठेवतो. पुस्तक नीट वाचले तर असे करता येत नाही. टिळकांच्या उधळ्या भरवशाशी झगडता झगडताच लक्ष्मीबाईंचे घर मोठे होत गेले. परक्याची मुले त्या घरात वाढली. प्लेगच्या दिवसांत, जेव्हा सख्खे नातलग रोग्याच्या अंथरुणापाशी जाईनात, तेव्हा या बाईने रोग्यांची शुश्रूषा केली. काटकसर करणारी गृहिणी एवढेच तिचे रूप असते, तर तिने आपले घर तेवढे सांभाळले असते. टिळक नसते तर तिची व्यवहारबुद्धी घराच्या उंबऱ्याशी थांबली असती, आणि ती नसती तर टिळकांची श्रद्धा चार दिवसांत उपाशी पडली असती. हे दोन्ही भरवसे एकमेकांना टोचत राहिले आणि एकमेकांना धरून राहिले. त्यांच्या भांडणात मला त्यांच्या प्रार्थनेचाच एक प्रकार दिसतो.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेल्यांनी आणि न घेतलेल्यांनी ख्रिस्ताभोवती एकत्र यावे, ही त्यामागची कल्पना. ती केवढी धाडसाची होती, हे आज अधिक कळते. पण संसार असलेला माणूस संन्यासी होतो, तेव्हा त्या संन्यासाचा अर्धा खर्च बायको भरते, हेही विसरता येत नाही. अवघ्या दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले.

इथे मला पुस्तकाविषयीची माझी एक तक्रार नोंदवली पाहिजे. लक्ष्मीबाईंचा विनोद हे त्यांचे बळ, तसा तो त्यांचा पडदाही आहे. नवऱ्याने न सांगता धर्म बदलला, मुलाला घेऊन दारोदार राहावे लागले, मायेची माणसे एकामागून एक गेली. या प्रसंगांवरून त्या पुष्कळदा इतक्या भरभर पुढे जातात, की वाचकाला त्यांच्या सोबत थांबायला जागाच मिळत नाही. रात्री एकटीने त्यांनी देवाला काय विचारले? रागावून काही बोलल्या का? ते कळत नाही. पंडिता रमाबाईंनी आपला धर्मशोध थेट सांगितला. लक्ष्मीबाई असा प्रश्न आला, की पदर सावरून कामाला लागतात. चौथा भाग तर त्यांच्या हातून पुराही झाला नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या आणि राहिलेले लेखन मुलाने, देवदत्त टिळकांनी, पुरे केले. त्यांना आयुष्य लाभले असते, तर हे मौन सुटले असते असे मात्र मला वाटत नाही. काही माणसांची प्रार्थना कामातच चालू असते आणि तिला शब्द सापडत नाहीत.

कामातून चालणाऱ्या या प्रार्थनेचा पुरावा ‘स्मृतिचित्रां’च्या बाहेर आहे. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतले आणि जेमतेम दहा-अकरा अध्याय लिहून ते गेले. तो अर्धा टाकलेला डाव कुणी मांडायचा? बुद्धीच्या तोऱ्यात वाढलेल्या कवीच्या मागे त्याची न शिकलेली बायको पुढे झाली. तिने तब्बल ६४ अध्याय रचले. अखेरचा, ७६ वा अध्याय देवदत्तांनी लिहिला. काव्य म्हणून या अध्यायांचे मोल सर्वत्र सारखे नाही. काही ठिकाणी कथा नुसती पुढे सरकते. पण नवऱ्याच्या श्रद्धेपायी ज्या बाईचा संसार एकदा मोडला, तिनेच त्या श्रद्धेचे अपुरे काम वर्षानुवर्षे बसून पुरे केले, ही गोष्ट कोणत्याही उपमेपेक्षा मोठी आहे. सकाळी डब्यात जे असेल त्यातून घरच्यांचे भागवावे, तसेच तिने आपल्यापाशी होते तेवढ्या शब्दांत हे काव्य भागवले.

देवावर भरवसा ठेवून जगणे म्हणजे काय, याचे व्याख्यान ‘स्मृतिचित्रां’त मिळणार नाही. उद्याची भाकरी देव देईल हे मान्य करून आजचे पीठ जपून मळणारी एक बाई मात्र मिळेल. ज्याच्या स्पर्शाची भीती शिकवली गेली, त्याच्याच हातचे पाणी ती पिते. रागावते, हसते, आणि दुसऱ्याचे मूल मांडीवर घेते. वाचक कोणत्याही धर्माचा असो, त्याच्या घरी अशी एखादी आई, आजी किंवा मावशी असतेच. घरच्यांच्या मोठ्या मोठ्या विश्वासांचा हिशेब ती मुकाट्याने जुळवीत असते. या दिवाळीत ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा उघडाल, तेव्हा टिळकांच्या फजितीवर पोटभर हसा. मग पुस्तक मिटून एकदा आपल्या स्वयंपाकघरात डोकावून पाहा, आणि तिथल्या माणसाला बाहेर येऊन बसायला जागा द्या.