'ही'मध्ये 'ती' येते का? : औपचारिक इंग्रजीतील सर्वनामांविषयी

काही वर्षांपूर्वी एका वाटणीच्या दाव्यातील इंग्रजी कागदपत्रे मराठीत उतरवण्याचे काम माझ्याकडे आले होते. त्यातल्या एका वाक्यापाशी मी अडलो : 'द एल्डर ब्रदर इन्फॉर्म्ड द यंगर दॅट हिज शेअर हॅड बीन सोल्ड.' हिस्सा विकला गेला, पण कोणाचा? थोरल्याचा की धाकट्याचा? मराठीत 'आपला हिस्सा' लिहावे तर तो थोरल्याचा ठरतो. 'त्याचा' लिहावे तर बहुधा धाकट्याचा. इंग्रजी लिहिणाऱ्याने जी निवड टाळली, ती भाषांतरकाराच्या गळ्यात आली होती. वकिलांना विचारले, तर दोन्ही पक्ष त्या वाक्याचा आपापल्या सोयीचा अर्थ लावत होते. मी टीप जोडून मूळची संदिग्धता तशीच ठेवली. पण 'हिज' हा शब्द डोक्यातून गेला नाही.

व्याकरणाच्या दृष्टीने ते वाक्य निर्दोष आहे, आणि माझा आक्षेप नेमका इथेच आहे. रेन आणि मार्टिनवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांनी सर्वनामाचे लिंग, वचन आणि विभक्ती घोकली. सर्वनाम नामाशी जुळले की काम संपले, अशी आपली समजूत झाली. 'हिज' तर दोन्ही भावांशी जुळते! जुळणे वेगळे आणि कळणे वेगळे. 'सर्वनाम जवळच्या नामाला लागते' हा शाळेतला तोडगाही पुरा पडत नाही. वाचक पुष्कळदा जवळचे नाम सोडून वाक्याच्या कर्त्याकडे वळतो, कारण कथन त्याच्याविषयी चालले आहे असे तो धरून चालतो.

मराठीचा 'आपण' इथे उपयोगी पडतो, म्हणून मराठी अधिक काटेकोर, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. 'आपला हिस्सा' म्हणजे दोघा भावांचा मिळून, असाही अर्थ निघू शकतो. उलट 'आम्ही' आणि 'आपण' हा आपल्याकडचा भेद इंग्रजी 'वुई'ला ठाऊक नाही. शोधनिबंधात 'वुई' लिहिणारा संशोधक स्वतःच्या चमूविषयी बोलतो, वाचकाला सोबत घेतो, की साऱ्या मानवजातीच्या वतीने बोलतो, हे वाचकाने ताडायचे. परिच्छेदाच्या आरंभी येणारे एकटे 'धिस' त्याहून फसवे. मागच्या चार वाक्यांतील नेमके काय, हे ते सांगत नाही. आपल्या समीक्षेतील 'यामुळे' आणि 'हे' यांनाही आता तीच खोड लागली आहे.

पण सर्वनामाची खरी किंमत कायद्यात कळते. पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश समजावा, असे ब्रिटिश पार्लमेंटने १८५० मध्येच कायद्याने ठरवले होते. तरीही १८६७ च्या सुधारणा कायद्यातील 'मॅन' या शब्दावर विसंबून मँचेस्टरच्या स्त्रियांनी मताधिकार मागितला, तेव्हा १८६८ मध्ये न्यायालयाने तो नाकारला. आपल्याकडे रेजिना गुहा यांनी १९१६ मध्ये वकिलीची सनद मागितली. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निर्णय दिला की, १८७९ च्या वकिलांविषयीच्या कायद्यात स्त्रिया अभिप्रेतच नाहीत. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली होती. त्यांनाही दारापाशी वर्षानुवर्षे थांबावे लागले. अखेर १९२३ मध्ये स्वतंत्र कायदा करून ही अडचण दूर झाली. म्हणजे दंड आणि कर यांच्या वेळी 'ही'मध्ये 'ती' बिनतक्रार मावत होती. हक्काची वेळ आली की मात्र तिला बाहेर काढले जात होते.

'सर्वसमावेशक ही' ही निव्वळ व्याकरणातली सोय आहे, हे म्हणणे त्यामुळे मला पटत नाही. आपल्या संविधानाच्या इंग्रजी पाठात राष्ट्रपतींसाठी 'ही' आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या आधाराने त्यात स्त्री येते, आणि २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील त्या पदावर आल्या तेव्हा कोणाला शंका आली नाही. पण शंका न येण्यासाठी दुसऱ्या कायद्याचा टेकू लागतो, हेही विसरता येत नाही.

त्याच २००७ मध्ये ब्रिटिश सरकारने कायद्यांचे मसुदे लिंगनिरपेक्ष भाषेत लिहिण्याचे धोरण स्वीकारले. एकवचनी 'दे'ला आता औपचारिक लेखनातही मान मिळतो आहे. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या शैलीपुस्तिकेने २०१९ मध्ये त्याला उघड संमती दिली. हे फॅड नव्हे. चौदाव्या शतकापासून ते इंग्रजीत आहे आणि जेन ऑस्टिनच्या लेखनातही सापडते. मला ते मान्य आहे, पण एका अटीवर. 'कमिटी' आणि 'अर्जदार' एकाच वाक्यात असतील, तर 'दे' म्हणजे कोण, हा माझा जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. न्याय्य सर्वनामही संदिग्ध असू शकते.

यावरचा उपाय अगदी साधा आहे : शंका येईल तिथे नाम पुन्हा लिहावे. आपण ते लिहीत नाही, कारण पुनरुक्ती हा दोष असल्याचे आपल्याला शाळेपासून बजावले गेले आहे. ललित लेखनात तो असेलही. करारात, निकालपत्रात, शोधनिबंधात मात्र पुनरुक्ती ही लेखकाने वाचकाला दिलेली हमी असते. त्या कागदात 'हिज'ऐवजी 'द यंगर ब्रदर्स' असे तीन शब्द पडले असते, तर वाक्य थोडे बोजड झाले असते. पण त्या दोन भावांना भांडायला निदान एक कारण कमी उरले असते.