‘जैविक पंप’ : एका रूपकाची चिकित्सा (कृष्णेच्या गाळाच्या संदर्भात)

समुद्राच्या पृष्ठभागी सूर्यप्रकाशात वाढणारे वनस्पतिप्लवक पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात. ते मरतात किंवा खाल्ले जातात. त्यांचे अवशेष, त्यांना खाणाऱ्या जीवांची विष्ठा आणि या सर्वांच्या चिकट गुठळ्या कणरूपाने बुडत जातात व त्यांच्याबरोबर सेंद्रिय कर्ब खोल पाण्यात पोहोचतो. या व्यवहारास समुद्रविज्ञानात ‘जैविक पंप’ असे म्हणतात. १९८५ मध्ये व्होल्क आणि हॉफर्ट यांनी समुद्रातील कर्बाच्या उभ्या वहनासाठी ‘पंप’ ही कल्पना पद्धतशीरपणे मांडली आणि पुढे ती पाठ्यपुस्तकांत स्थिरावली. प्रस्तुत लेखात या संज्ञेची आणि तिच्या आधारे काढल्या जाणाऱ्या निष्कर्षांची चिकित्सा करावयाची आहे.

ही चिकित्सा सातारा-सांगलीच्या वाचकाने करावी, यास सबळ कारण आहे. ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांच्या प्रदेशात पंप म्हणजे काय, हे कोणास शिकवावे लागत नाही. तो पाणी खालून वर नेतो, त्याला वीज लागते, विजेचे बिल येते आणि कळ दाबली की तो चालू होतो. समुद्रातील कर्ब मात्र वरून खाली जातो आणि तो स्वतःच्या वजनाने जातो. अर्थात संज्ञा अगदीच निराधार नाही. खोल पाण्यात विरघळलेल्या कर्बाचे प्रमाण पृष्ठभागापेक्षा अधिक असते. कमीकडून अधिकाकडे नेणाऱ्या क्रियेस पंप म्हणण्यात शास्त्रीय औचित्य आहे. आक्षेप आहे तो रूपकाबरोबर नकळत येणाऱ्या दोन समजुतींना. पहिली, ही क्रिया मनुष्याला हवी तेव्हा चालू करता येईल. दुसरी, वर जितके उत्पादन अधिक तितका कर्ब खाली अधिक जाईल.

दुसरी समजूत आधी तपासू. सागरी वनस्पतिप्लवक वर्षाला सुमारे ५० अब्ज टन कर्ब बांधून ठेवतात, पण त्यातील बहुतांश वरच्या थरातच पुन्हा श्वसनाने मोकळा होतो. १९८७ मध्ये जॉन मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रशांत महासागरातील मापनांवरून जे सूत्र दिले, त्यानुसार १०० मीटर खोलीवरून निघालेल्या सेंद्रिय कर्बापैकी १००० मीटरवर सुमारे १४ टक्के आणि ४००० मीटरवर जेमतेम ४ टक्के उरतो. वाटेत जिवाणू आणि प्राणी त्याचा फडशा पाडतात. म्हणजे प्रश्न काळाचा आहे. दिवसाला एक मीटर बुडणाऱ्या सुट्या पेशीला ३००० मीटर खोली गाठण्यास आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. दिवसाला १०० मीटर बुडणारी गुठळी तेच अंतर एका महिन्यात कापते. पेशी वाटेतच संपते, गुठळी पोहोचते. उत्पादनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व कण कशाच्या सोबतीने बुडतो याला आहे, आणि ‘पंप’ या शब्दात वजनाची ही बाब कोठेच येत नाही.

कळ दाबण्याच्या समजुतीचे फलित २००९ मध्ये दिसून आले. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीतील आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी दक्षिणी महासागरात ‘लोहाफेक्स’ हा प्रयोग केला. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि व्हिक्टर स्मेटासेक यांच्या नेतृत्वाखाली ‘पोलारस्टर्न’ या जहाजावरून सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोहक्षार सोडण्यात आला. प्लवक वाढले, परंतु त्या पाण्यात सिलिका कमी असल्याने काचेसारखे कवच असणारे डायटम वाढू शकले नाहीत. जे वाढले ते कोपेपॉड या चिमुकल्या कवचधारी जीवांनी फस्त केले आणि खोल जाणाऱ्या कर्बात फारशी भर पडली नाही. याउलट २००४ च्या ‘आयफेक्स’ प्रयोगात डायटम भरपूर होते आणि त्यांचा मोठा हिस्सा १००० मीटरच्या खाली गेल्याचे आढळले. लोह दोन्हीकडे घातले होते. फरक पडला तो बुडणाऱ्या वस्तूच्या जातीत. समुद्रात लोह टाकून कर्बश्रेय विकण्याच्या योजना मांडणाऱ्यांनी ‘लोहाफेक्स’चा निष्कर्ष पुरेशा गांभीर्याने वाचला आहे असे वाटत नाही.

या संदर्भात भारतीय समुद्रांतील काम अधिक मोलाचे आहे. १९८६ पासून अरबी समुद्रात आणि १९८७ पासून बंगालच्या उपसागरात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था व हॅम्बुर्ग विद्यापीठ यांनी संयुक्तपणे गाळसापळे टांगले. हे सापळे म्हणजे नरसाळ्याच्या आकाराची, तळाशी ठरावीक मुदतीने फिरणाऱ्या कुप्या असलेली उपकरणे. त्यांत जमा झालेल्या कणांवरून आर. आर. नायर, व्ही. इत्तेक्कोट, व्ही. रामस्वामी प्रभृतींनी १९८९ आणि १९९१ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष मांडले. अरबी समुद्रात मोसमी वारे पाणी ढवळून काढतात, पोषकद्रव्ये वर येतात आणि त्याबरोबर कणांचा पाऊसही वाढतो. हे अपेक्षितच होते. बंगालच्या उपसागरातील चित्र मात्र कोड्यात टाकणारे निघाले. तेथे नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर वर तरंगत राहतो, वारा खालचे पाणी ढवळू शकत नाही, म्हणून जैविक उत्पादन अरबी समुद्रापेक्षा कमी. तरीही खोल जाणारा सेंद्रिय कर्ब त्या प्रमाणात कमी नव्हता. नद्यांनी आणलेली खनिज माती प्लवकांच्या गुठळ्यांत अडकते, गुठळी जड होते आणि कुजण्यापूर्वीच खोलवर जाते, असा अर्थ इत्तेक्कोट यांनी लावला. जहाज डोलू नये म्हणून तळाशी दगड-वाळू भरतात, तसा हा भार. पुढे हेच विवेचन ‘भार-गृहीतक’ म्हणून जगभर चर्चिले गेले. बंगालच्या उपसागराच्या मध्यम खोलीवर प्राणवायू अत्यल्प असला, तरी अरबी समुद्रासारखा नायट्रेटचा व्यापक ऱ्हास तेथे का होत नाही, याचेही एक स्पष्टीकरण या त्वरित बुडण्यात शोधले जाते.

येथे कृष्णेचा संबंध येतो. महाबळेश्वरी उगम पावून वाई, कऱ्हाड, सांगली असा प्रवास करणारी ही नदी बंगालच्या उपसागरास मिळते. ती वाहून नेते ती दख्खनच्या बेसाल्टची झीज. उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या आणि पावसात फुगणाऱ्या आपल्या काळ्या मातीतील स्मेक्टाइट हे चिकणमातीचे खनिज उपसागराच्या पश्चिम भागातील तळावर ओळखू येते. हिमालयीन नद्यांची माती मुख्यतः इलाइट आणि क्लोराइट यांची. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले आणि ओसरताना घराघरांत जो चिखल ठेवून गेले, तो याच मातीचा. शेतकऱ्याच्या माती-परीक्षणाच्या पत्रिकेवर ‘सेंद्रिय कर्ब’ म्हणून जो आकडा येतो, त्याचाच काही अंश या गाळाला चिकटून निघालेला असतो.

मात्र येथेच समीक्षकाने सावध व्हावयास हवे. ‘कृष्णेचा गाळ समुद्रात कर्ब गाडतो’ असे वाक्य लिहिणे सोपे आहे आणि ते प्रादेशिक अभिमानाला सुखावणारेही आहे. उपसागरात येणाऱ्या गाळात गंगा-ब्रह्मपुत्रेचा वाटा वर्षाला सुमारे एक अब्ज टनांचा; त्यापुढे कृष्णा लहान आहे, आणि तिचा बराचसा गाळ त्रिभुज प्रदेशात व किनाऱ्यालगतच्या उथळ मंचावरच बसतो. खुद्द भार-गृहीतकही निर्विवाद नाही. क्लास आणि आर्चर यांनी २००२ मध्ये जगभरच्या सापळ्यांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा खोल कर्बाचा सर्वाधिक निकटचा संबंध नदीच्या मातीशी नव्हे, तर चुनखडीच्या कवचांशी आढळला. उटा पासोव्ह यांनी २००४ मध्ये कार्यकारणभावच उलटा करून पाहिला : खनिजामुळे गुठळी बुडते, की बुडणारी गुठळी वाटेत सापडेल तितके खनिज गोळा करते? दोन्ही प्रसंगी सापळ्यातील आकडे सारखेच दिसतील. उपसागराच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. गाळ, पोषकद्रव्ये आणि गोड्या पाण्याचा थर हे तिन्ही एकाच मोसमी पुरातून येतात. तिघांपैकी एकाला श्रेय देण्यास केवळ वेळापत्रकाचा मेळ पुरेसा नाही. माझ्या मते इत्तेक्कोट प्रभृतींचे निरीक्षण टिकाऊ आहे, पण त्यांचे स्पष्टीकरण अद्याप वादाच्या कक्षेत आहे, आणि मराठी विज्ञानलेखनाने ही दोन्ही वेगळी ठेवावीत.

एवढी सावधगिरी बाळगूनही धरणांचा प्रश्न उरतोच. धोम, कण्हेर, कोयना; पुढे अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर. या साखळीमुळे कृष्णेचे समुद्रास मिळणारे पाणी आणि गाळ दोन्ही मोठ्या प्रमाणात घटले असून तिच्या त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्याची धूपही नोंदली गेली आहे. (कोयनेचे बरेचसे पाणी तर पोफळीमार्गे वाशिष्ठीत आणि तेथून अरबी समुद्रात जाते.) गाळाबरोबर सिलिकाही अडते, कारण जलाशयातील डायटम ती वापरून तळाशी बसतात. इत्तेक्कोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच २००० मध्ये हा मुद्दा जगातील नद्यांच्या संदर्भात मांडला होता. त्याचे गाजलेले उदाहरण डॅन्यूब नदीवरील आयर्न गेट धरणाचे. पण २००४ मधील प्रत्यक्ष मापनात त्या जलाशयात फारच थोडी सिलिका अडत असल्याचे दिसले. म्हणून कृष्णेविषयी अनुमान नव्हे, मापनच हवे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळाचा विचार साठवणक्षमतेची तूट आणि शेताचे खत या दोनच अंगांनी झाला. समुद्रापर्यंत न पोहोचलेला गाळ हा तिसरा रकाना त्यात नाही.

तो रकाना भरण्याची सुरुवात मोठ्या जहाजाशिवायही होऊ शकते. जून ते ऑक्टोबर या काळात दर आठवड्याला कऱ्हाडच्या प्रीतिसंगमाखाली आणि सांगलीत नदीचे पाणी घेऊन गाळणे, गाळ वाळवून तोलणे आणि त्यातील सेंद्रिय कर्ब मोजणे हे महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्यातील काम आहे. कर्बाच्या समस्थानिकांची तपासणी बाहेरून करून घ्यावी लागेल, पण तिच्यातून या दोन जिल्ह्यांपुरती एक विशेष गोष्ट कळेल. ऊस आणि ज्वारी यांच्या कर्बातील जड समस्थानिकाचे प्रमाण सह्याद्रीच्या झाडपाल्यातील प्रमाणापेक्षा स्पष्टपणे अधिक असते. त्यामुळे सांगलीच्या पुलाखालून जाणाऱ्या गाळातील कर्ब उसाच्या फडातून सुटलेला किती आणि महाबळेश्वर-कोयनेच्या रानातून आलेला किती, हे वेगळे करता येईल.