उड्डाण-सिम्युलेटरमधील रेडिओ-संभाषण आणि हवाई वाहतूक नियंत्रण : एक चिकित्सा

प्रस्तावना :

वाशिम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यातल्या धनजसारख्या गावाला विमान हे दीर्घकाळ केवळ आकाशात दिसणारे वाहन होते. ही स्थिती आता बदलत आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. त्यापूर्वी २०२४ मध्ये एअर इंडियाने याच ठिकाणी वर्षाला १८० वैमानिक घडविण्याच्या क्षमतेची प्रशिक्षणसंस्था उभारण्याची घोषणा केली होती. प्रशिक्षण खर्चिक असल्याने ग्रामीण विद्यार्थ्याची पहिली ओळख बहुधा संगणकावरील सिम्युलेटरशी होते. या सिम्युलेटरमध्ये रेडिओ-संभाषणाची माहिती नियंत्रकाशी कशी जोडलेली असते आणि त्या जोडणीतून विद्यार्थी काय शिकतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

जोडणीचे स्वरूप :

मायक्रोसॉफ्टने ‘फ्लाइट सिम्युलेटर २००२’ या आवृत्तीत संवाद साधणारा नियंत्रक प्रथम आणला. प्रत्येक विमानतळाच्या नोंदीत ग्राउंड, टॉवर, अ‍ॅप्रोच अशा कक्षांच्या फ्रिक्वेन्सी असतात. वैमानिकाने योग्य आकडा लावला की त्या कक्षाचा आवाज ऐकू येतो. कोणत्या टप्प्यावर कोणाशी बोलावे, हा क्रम यातून विद्यार्थ्याला समजतो. हे या रचनेचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु येथे फ्रिक्वेन्सी केवळ कक्षाच्या नावाशी जोडली जाते. ऐकण्याच्या क्रियेशी ती जोडली जात नाही.

चिकित्सा :

पहिला दोष उत्तराचा आहे. नियंत्रकाने दिलेली परवानगी, उंची, धावपट्टी इत्यादी सूचना वैमानिकाने पुन्हा म्हणून दाखवायच्या असतात. यालाच ‘रीडबॅक’ म्हणतात. चूक पकडण्याची ती जागा होय. सिम्युलेटरमध्ये मात्र यादीतील क्रमांकाची कळ दाबली की बिनचूक रीडबॅक आपोआप उच्चारला जातो. नवी फ्रिक्वेन्सीही त्याच पद्धतीने लागते. चुकण्याची शक्यताच काढून टाकल्यावर दक्षतेचा अभ्यास होणार कसा?

दुसरा दोष अंतराचा आहे. विमान-संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते आणि या लहरी साधारणतः दृष्टिरेषेत जातात. १०,००० फुटांवरील विमानाला सुमारे २२८ किलोमीटरपर्यंतचे जमिनीवरील केंद्र ऐकू येऊ शकते. १,००० फुटांवर ही मर्यादा सुमारे ७२ किलोमीटर उरते. बेलोरा ते नागपूर हे सरळ अंतर सुमारे १४० किलोमीटर आहे. म्हणजे बेलोऱ्यावर १,००० फुटांवरून जाणाऱ्या विमानाने नागपूरच्या केंद्रावर थेट विसंबणे व्यर्थ ठरेल. केवळ फ्रिक्वेन्सीच्या तक्त्यातून ही गोष्ट कळत नाही.

तिसरा दोष परकीय नियमांचा आहे. स्थानिक हवेच्या दाबाऐवजी प्रमाण दाब लावण्याची उंची अमेरिकेत १८,००० फूट आहे. २००६ च्या ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’मधील नियंत्रक हीच उंची सर्वत्र गृहीत धरतो. भारतात ती विमानतळागणिक ठरते आणि बहुतेक ठिकाणी बरीच कमी असते.

या दोषांचे गांभीर्य इतिहासाने दाखविले आहे. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफे येथे दोन संदेश एकाच वेळी प्रसारित झाल्याने महत्त्वाचे शब्द शिट्टीसारख्या आवाजात बुडाले. त्या अपघातात ५८३ जणांनी प्राण गमावले. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली आले होते आणि त्यात नियंत्रकाशी बोलण्याचे काम वैमानिकाकडे नसून स्वतंत्र रेडिओ-चालकाकडे होते. दोन्ही ठिकाणी रेडिओ-यंत्रणा सुरू होती. पण ऐकलेले आणि केलेले यांचा सांधा निखळला होता.

पर्याय :

२००१ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हॅटसिम’ या स्वयंसेवी जाळ्यावर नियंत्रक म्हणून खरी माणसे बसतात. २०१९ मध्ये आलेल्या त्याच्या ध्वनिप्रणालीत अंतर, दृष्टिरेषा आणि एकमेकांवर आदळणारे संदेश यांचा विचार केलेला आहे. आकडा आणि ऐकणे यांची जोडणी येथे अधिक प्रामाणिक आहे. तथापि, स्वयंसेवक उपलब्ध नसल्यास तेथील आकाश मुके राहते. संगणकच नियंत्रक होऊन बोललेले उत्तर समजून घेतो, अशा नव्या प्रणाली ही उणीव काही अंशी भरून काढू शकतील. मात्र चुकीचा रीडबॅक त्या ओळखतात की सावरून घेतात, हाच त्यांचा निकष असला पाहिजे.

समारोप :

सिम्युलेटर त्याज्य नाही. त्याला पुरेसे समजणे त्याज्य आहे. महाविद्यालयांत भौतिकशास्त्र विभागाने लहरींची मर्यादा आणि इंग्रजी विभागाने रीडबॅकची शिस्त शिकविल्यास ही उणीव अल्प खर्चात भरून निघेल. दोन विद्यार्थी पाठीला पाठ लावून बसले आणि एकाने सूचना देऊन दुसऱ्याचे उत्तर तपासले, तरी कळ दाबण्यापेक्षा अधिक साध्य होते. विदर्भातील विद्यार्थी उद्या प्रत्यक्ष विमानात बसेल, तेव्हा त्याच्यासाठी यादीतले उत्तर तयार नसेल. त्याला ते ऐकून, समजून, स्वतःच्या तोंडाने द्यावे लागेल.