वार्धक्यातील बधिरता आणि अल्झायमरचा रोग : एका अनुमानाची चिकित्सा

वार्धक्यात कान गेले की पाठोपाठ स्मृतीही जाते, हे मत गेल्या दीड दशकात वैद्यकीय नियतकालिकांतून निघून श्रवणयंत्रांच्या जाहिरातींपर्यंत पोहोचले आहे. या मताचे खंडन करण्याचा येथे हेतू नाही. ‘संबंध आहे’ या विधानापासून ‘कारण आहे’ या विधानापर्यंतचा प्रवास कोणत्या पुराव्याच्या बळावर झाला, एवढेच तपासावयाचे आहे.

या मताच्या पुष्ट्यर्थ नेहमी पुढे केला जातो तो फ्रँक लिन व त्यांचे सहकारी यांचा २०११ सालचा निबंध. बॉल्टिमोर येथील दीर्घकालीन वार्धक्य-अभ्यासातील ६३९ व्यक्तींची श्रवणशक्ती १९९० ते १९९४ या काळात मोजलेली होती. पुढील सुमारे बारा वर्षांत त्यांपैकी ५८ जणांना डिमेन्शिया झाला. त्यांत ३७ जण अल्झायमरचे. श्रवणदोष नसलेल्यांच्या तुलनेने सौम्य बधिरांत डिमेन्शियाचा धोका १.८९ पट, मध्यम बधिरांत ३.०० पट आणि तीव्र बधिरांत ४.९४ पट आढळला. हा चढता क्रम मोठा मोहक आहे. परंतु तीव्र बधिरांची संख्या या समूहात अवघी सहा होती. म्हणूनच शेवटच्या आकड्याचा विश्वास-अंतराल १.०९ पासून थेट २२.४० पर्यंत पसरतो. त्याहून महत्त्वाचे असे की, अल्झायमरचा वेगळा हिशेब केला असता श्रवणाच्या दर १० डेसिबल हानीमागे धोका १.२० पट आला व त्याचा अंतराल ०.९४ ते १.५३, म्हणजे एकाच्या दोन्ही बाजूंस, पडला. लेखकांनी हे लपविलेले नाही. निबंधाच्या शीर्षकातही ‘डिमेन्शिया’ हाच शब्द आहे. ‘अल्झायमर’ची जोड उद्धृत करणाऱ्यांच्या लेखणीतून आली.

मराठीत हा घोटाळा अधिकच सुलभ होतो, कारण या दोहोंनाही आपण सरसकट ‘स्मृतिभ्रंश’ म्हणतो. वस्तुतः पहिले नाव लक्षणसमूहाचे आहे आणि दुसरे मेंदूतील विशिष्ट विकृतीचे. अलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्यूबिंगन येथे ज्या पुटांचे व गुंत्यांचे वर्णन केले, ती ही विकृती.

न्यायशास्त्रात कारणाचे लक्षण करताना ‘अनन्यथासिद्ध’ हे विशेषण आवर्जून घातलेले असते. माती वाहून आणणारे गाढव घटाच्या उत्पत्तीपूर्वी हजर असले तरी ते घटाचे कारण नव्हे. बधिरता ही येथे गाढव आहे की कुंभाराचा दंड? मधुमेह, रक्तवाहिन्यांचे विकार, धूम्रपान ही कानालाही बाधतात व मेंदूलाही. गणिताने त्यांचा प्रभाव वजा करता येतो. पण जे मोजलेच नाही, ते वजा कसे करणार?

परीक्षेच्या साधनातही एक दोष दडलेला आहे, आणि त्याकडे मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावे. वार्धक्यात प्रथम उच्च कंप्रतेचे ध्वनी हरपतात. स्वर ऐकू येतात, ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे घर्षक अस्पष्ट होतात. ‘ऐकू येते पण कळत नाही’ ही वृद्धांची तक्रार यातूनच उद्भवते. स्मृतीच्या रूढ कसोट्या बहुधा तोंडी घेतल्या जातात. परीक्षकाने ‘साल’ म्हटले, वृद्धाने ‘शाल’ ऐकले, पाच मिनिटांनी ‘शाल’ असेच सांगितले. त्याची स्मृती निर्दोष असूनही गुण मात्र गेला.

अन्वयापाठोपाठ व्यतिरेक पाहावयाचा तर बधिरता दूर करून काय होते ते पाहिले पाहिजे. अमेरिकेतील ‘अचीव्ह’ प्रयोगात ७० ते ८४ वर्षे वयाच्या ९७७ व्यक्तींना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून एकास श्रवणोपचार व दुसऱ्यास आरोग्यशिक्षण दिले. २०२३ साली त्याचे निष्कर्ष आले : तीन वर्षांअखेर दोन्ही गटांच्या बौद्धिक ऱ्हासात लक्षणीय फरक नव्हता. मात्र हृदयविकाराच्या एका जुन्या अभ्यासातून आलेल्या, अधिक धोक्यातील २३८ जणांत उपचाराने ऱ्हास ४८ टक्क्यांनी मंदावला. ही फोड आधीच योजलेली होती, म्हणून ती झटकून टाकता येत नाही. परंतु वृत्तपत्रांनी ४८ हा आकडा उचलला आणि मुख्य निष्कर्ष गाळला, हे अक्षम्य होय. शिवाय येथे मोजला गेला तो कसोट्यांतील ऱ्हास. अल्झायमरची विकृती नव्हे.

व्यतिरेकाचा पुरावा किती जपून हाताळावा लागतो याचे उदाहरणही त्याच वर्षीचे आहे. यूके बायोबँकेच्या सामग्रीवरून श्रवणयंत्राची महती सांगणारा ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मधील निबंध मागे घ्यावा लागला, कारण संकेतांकनात यंत्र वापरणारे व न वापरणारे यांची अदलाबदल झाली होती.

‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ साली डिमेन्शियाच्या सुमारे ७ टक्के प्रकरणांचा भार श्रवणहानीवर टाकला. हा आकडा कार्यकारणभाव गृहीत धरून काढलेला आहे. म्हणून त्याच आकड्याने कार्यकारणभाव सिद्ध करू पाहणे हा उघड चक्रकदोष होय.

आमच्या मते अधिक संभाव्य कल्पना वेगळी आहे. अस्पष्ट शब्द जुळविण्यात मेंदूची शक्ती खर्ची पडते, संभाषण तुटते, आणि मेंदूत मूकपणे वाढत असलेला रोग लवकर उघडा पडतो. म्हणजे बधिरता रोग उत्पन्न करीत नसेल, त्याचे आवरण मात्र दूर करीत असेल. हे खरे असल्यास श्रवणोपचाराने रोग टळणार नाही, पण स्वावलंबनाची काही वर्षे पदरात पडतील. या कल्पनेची परीक्षा करण्यासाठी श्रवणोपचाराच्या प्रयोगांत कसोटीच्या गुणांबरोबर रक्तातील टाऊ प्रथिनाचेही मापन व्हावयास हवे. आणि मराठीत स्मृतीच्या कसोट्या रचणाऱ्यांनी शब्द निवडताना घर्षक टाळावेत, आणि पहिला शब्द उच्चारण्यापूर्वी वृद्धाचे कान तपासावेत.