तहनाम्यानंतरचे मौन : 'डीप स्पेस नाइन'मधील युद्धोत्तर सत्तासंतुलनाची चिकित्सा

विज्ञानसाहित्यात साम्राज्यांची वाण नाही, आणि त्यांच्यातील महायुद्धांचीही नाही. वाण आहे ती युद्ध संपल्यानंतरच्या दुसऱ्या दिवसाची. शत्रूचा नाश झाला की कथानकाला विराम मिळतो. विजेत्यांचे आपापसांत पुढे काय झाले, पराभूतांना कोणी अन्न दिले, सरहद्दी कोणी आखल्या, हे प्रश्न उत्सवाच्या रोषणाईत विरून जातात. जॉर्ज लुकास यांच्या 'स्टार वॉर्स' चित्रपटमालेतील १९८३ सालच्या चित्रपटाचा शेवट या प्रवृत्तीचा नमुना मानता येईल. 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन' (१९९३ ते १९९९) ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका मात्र या बाबतीत वेगळी ठरते. तिच्या अखेरच्या दोन पर्वांत एक प्रदीर्घ युद्ध आहे, युद्धात सहभागी होणाऱ्या सत्तांचे हेतू परस्परांहून भिन्न आहेत आणि शेवट रणांगणावर न होता तहनाम्यावरील सहीने होतो. या तहातून उभे राहणारे सत्तासंतुलन आरमारांच्या तुल्यबळावर उभे नसून विजेत्यांनी केलेल्या दोन अप्रकट कृत्यांवर उभे आहे, आणि स्टार ट्रेकच्या पुढील कृतींनी त्यांपैकी एकाच कृत्याचा हिशेब मांडला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

मालिकेशी परिचय नसलेल्या वाचकासाठी सत्तांची मांडणी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. अनेक ग्रहांनी स्वेच्छेने स्थापन केलेले फेडरेशन हे उदारमतवादी संघराज्य; त्याचे एके काळचे शत्रू आणि नंतरचे मित्र असे लढवय्ये क्लिंगॉन; संशयी, गुप्तहेरांच्या जाळ्यावर विसंबणारे रोम्युलन; आणि लष्करशाहीखाली असलेले कार्डॅशियन. कार्डॅशियनांनी अर्धशतक गुलामीत ठेवलेला बेजोर हा लहानसा ग्रह नुकताच स्वतंत्र झाला आहे. त्याच्याजवळ एक स्थिर कृमिविवर सापडते आणि त्यातून आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाचे डोमिनियन नावाचे साम्राज्य या सर्वांच्या दारात येऊन उभे राहते. डोमिनियनचे 'संस्थापक' रूपे बदलू शकणारे जीव आहेत. त्यांचे सैनिक एका मादक द्रव्यावर जगतात आणि ते द्रव्य पुरविणे न पुरविणे धन्याच्या हाती असते.

ही मांडणी राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाला परिचित वाटावी अशी आहे. र. पं. कंगले यांच्या संपादनामुळे अभ्यासकांना सुलभ झालेल्या कौटिलीय अर्थशास्त्रातील मंडलसिद्धान्त येथे जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो. १९९७ साली प्रसारित झालेल्या भागांत, क्लिंगॉनांच्या आक्रमणाने खिळखिळा झालेला कार्डॅशिया डोमिनियनच्या आश्रयास जातो. हा षाड्गुण्यातील 'संश्रय' होय. रोम्युलन डोमिनियनशी अनाक्रमणाचा करार करून स्वस्थ बसतात, हे 'आसन'. बेजोरही तसाच करार करतो, आणि तोही फेडरेशनचा अधिकारी असलेल्या सिस्कोच्या सल्ल्यावरून. दुर्बलाने बलवानाशी 'संधी' करून जीव वाचवावा, हा सल्ला त्या दुर्बलाच्या मित्रानेच द्यावा, ही घटना मालिकेतील राजकीय समज किती प्रौढ आहे याची साक्ष देते. हान्स मॉर्गेनथाऊ यांच्या १९४८ सालच्या ग्रंथापासून आपण वर्गात जे वास्तववादी प्रतिमान शिकवीत आलो, त्यातही हे सारे बसते. तथापि कौटिल्याचा उदासीन राजा, म्हणजे मंडलाबाहेरचा आणि सर्वांहून प्रबळ असा राजा, स्वतःच्या हिताचा हिशेब करून रणात उतरतो. मालिकेतील उदासीन सत्ता मात्र फसवणुकीने उतरविली जाते. येथपासून आपल्या विषयाला खरी सुरुवात होते.

एप्रिल १९९८ मध्ये प्रसारित झालेला 'इन द पेल मूनलाइट' हा भाग या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. फेडरेशन हरत आहे. मृतांच्या याद्या दर आठवड्याला येत आहेत. रोम्युलन युद्धात आले तरच पारडे फिरेल, हे सिस्कोला कळून चुकले आहे. कार्डॅशियातून परागंदा झालेला आणि वरकरणी शिंप्याचा व्यवसाय करणारा माजी हेर गॅरक याच्या साहाय्याने तो एक बनावट ध्वनिचित्रमुद्रण तयार करवितो. डोमिनियन रोम्युलसवर चालून जाण्याची योजना आखत आहे, असे त्यात दाखविलेले असते. व्रीनॅक नावाचा रोम्युलन सिनेटर ते तपासतो आणि बनाव ओळखतो. परतीच्या वाटेवर त्याच्या यानात स्फोट होतो. अवशेषांत सापडलेल्या मुद्रणातील दोष स्फोटामुळे उद्भवले असे रोम्युलनांना वाटते, हत्येचा आळ डोमिनियनवर जातो आणि रोम्युलन युद्धात उतरतात. बनावट करणारा कारागीरही मारला गेलेला असतो. या साऱ्याची कबुली सिस्को आपल्या खासगी नोंदवहीत देतो, आणि भाग संपताना ती नोंद पुसून टाकतो.

या भागाची चर्चा बहुधा सिस्कोच्या सदसद्विवेकाच्या अंगाने होते. ती आवश्यकच आहे. परंतु तेवढ्यावर थांबल्यास त्यातील राजकीय आशय निसटतो. १९१७ साली ब्रिटिशांनी जर्मनीची झिमरमान तार पकडून अमेरिकेच्या हाती दिली, तेव्हा आपण ती कशी मिळविली हे ब्रिटिशांनी झाकून ठेवले. तार मात्र खरी होती आणि खुद्द झिमरमान यांनीच ती आपली असल्याचे मान्य केले. त्यामुळे अमेरिकेच्या युद्धप्रवेशाला पुढे त्या बाजूने धोका उरला नाही. सिस्कोचा दस्तऐवज खोटा आहे. म्हणजेच ज्या त्रिपक्षीय युतीने युद्ध जिंकले, तिचा एक पाय हवेत आहे. शिवाय हे सारे ठाऊक असणारी माणसे कोण, तेही पाहावे. अखेरच्या भागात सिस्को कालातीत अशा दैवी सत्तांमध्ये विलीन होतो. गॅरक आपल्या उद्ध्वस्त मायदेशी परततो. विजेत्यांच्या युतीचा विध्वंस करू शकणारे गुपित पराभूत राष्ट्राच्या नागरिकाकडे राहते! लेखकांच्या मनात हे होते किंवा नाही, हा प्रश्न गौण आहे. संहितेत ते आहे. गॅरकची भूमिका करणारे अभिनेते अँड्र्यू रॉबिन्सन यांनी २००० साली 'अ स्टिच इन टाइम' ही कादंबरी लिहिली आणि युद्धानंतरच्या कार्डॅशियाकडे तिच्यातून पाहिले. पडद्यावर मात्र ती वाट कोणी धरली नाही.

युती टिकली तरी तिच्यातील ताण मालिकेने लपविलेला नाही. सातव्या पर्वाच्या प्रारंभी रोम्युलन बेजोरच्या एका चंद्रावर रुग्णालय उभारण्यासाठी जागा मागतात आणि तेथे गुपचूप शस्त्रे बसवितात. फेडरेशन मित्राला दुखवू इच्छीत नाही. बेजोरची अधिकारी कीरा मोजक्या जुनाट यानांनिशी नाकेबंदी करते आणि अखेर रोम्युलनांना माघार घ्यावी लागते. युद्ध चालू असतानाच युद्धानंतरच्या सीमारेषा आखल्या जात होत्या, हे या छोट्या प्रसंगातून जेवढे स्पष्ट होते तेवढे कोणत्याही लढाईच्या दृश्यातून होत नाही. फेब्रुवारी १९४५ मधील याल्टा येथील वाटाघाटींची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. क्लिंगॉनांच्या बाबतीत गाउरॉन या सत्ताधीशाचा वध आणि मार्टोक या सरळमार्गी सेनानीचे पदारोहण यांवर बराच वेळ खर्च झाला आहे. नाट्य म्हणून ते प्रभावी असले, तरी चांगला माणूस गादीवर आला की राज्याचे धोरण सुधारते, हा त्यामागील विश्वास काहीसा भाबडा आहे.

दुसरे अप्रकट कृत्य अधिक गंभीर आहे. फेडरेशनमधील 'सेक्शन ३१' ही कोणालाही उत्तरदायी नसलेली संघटना संस्थापकांमध्ये एक प्राणघातक विषाणू सोडते. त्यासाठी फेडरेशनच्याच बाजूने असलेल्या ओडो या रूपपालट्याचा, त्याच्या नकळत, वाहक म्हणून उपयोग करण्यात येतो. संपूर्ण वंशाचा उच्छेद हे त्यामागील उद्दिष्ट. उपाय सापडल्यानंतरही तो शत्रूला द्यायचा नाही, असा निर्णय फेडरेशनची परिषद घेते. संघटना गुप्त असल्याने तिच्या कृत्याची जबाबदारी शासनावर येत नाही, असा बचाव करता आला असता. या निर्णयाने तोही संपतो. शेवटी ओडो स्वतःच्या जबाबदारीवर शत्रूच्या नेत्रीला बरे करतो, ती शस्त्रे खाली ठेवण्यास आणि खटल्याला सामोरे जाण्यास राजी होते आणि ओडो आपल्या वंशाकडे कायमचा परत जातो.

या घटनाक्रमाचा नीट विचार केला असता डोमिनियनचा पराभव झाला असे म्हणणे अचूक ठरत नाही. त्याची मायभूमी अबाधित आहे. १९९७ सालच्या एका भागात कृमिविवरातून येणारी २८०० यानांची कुमक दैवी सत्तांनी नाहीशी केली, म्हणून इकडची सेना एकाकी पडली. तिकडचे सामर्थ्य संपले असे संहितेत कोठेही म्हटलेले नाही. मग तहाचा आधार कोणता? कृमिविवराच्या दारावरील देवांची इच्छा आणि एका ओडोची मनधरणी. व्हिएन्ना काँग्रेसने (१८१४-१५) पराभूत फ्रान्सला वाटाघाटीत स्थान दिले आणि तालेराँने त्याचा पुरेपूर लाभ उठविला. व्हर्सायच्या तहात (१९१९) जर्मनीला ते स्थान नाकारले गेले. 'डीप स्पेस नाइन'च्या तहात डोमिनियनच्या वतीने सही करणारी व्यक्ती युद्धगुन्हेगार म्हणून बंदी आहे आणि तिच्या राष्ट्राची प्राणरक्षा विजेत्यांच्या निर्णयाविरुद्ध झालेली आहे. असा तह कितपत टिकाऊ मानावा?

कार्डॅशियाविषयी मालिका जे दाखविते ते मात्र तिच्या सर्वोत्तम अंशांपैकी आहे. डमार याच्या नेतृत्वाखाली कार्डॅशियन जनता डोमिनियनविरुद्ध उठते तेव्हा सूड म्हणून तिचा संहार होतो. मृतांचा आकडा ८० कोटींहून अधिक सांगितला आहे. विजयानंतर मार्टोक त्या प्रेतांच्या राशींमध्ये मद्याचे पेले भरतो. सिस्को आणि अॅडमिरल रॉस आपले पेले जमिनीवर ओततात. दोन मित्रराष्ट्रांमधील अंतर येथे शब्दावाचून व्यक्त झाले आहे. कौटिल्याने 'लब्धप्रशमन' प्रकरणात विजेत्याने जिंकलेल्या प्रजेचा वेष, भाषा व आचार स्वीकारावा, शत्रूचे दोष आपल्या गुणांनी झाकावेत, असे सांगितले आहे. पेला ओतून देणे हा त्या दिशेने जाणारा पहिला हावभाव म्हणता येईल. दुसरा आपल्याला दिसत नाही. अन्न, निवारा, शासन, खटले यांपैकी कशाचीही वार्ता नाही.

ही मालिका व्यक्तिरेखांची आहे, तिच्याकडून पुनर्वसनाचा अहवाल मागणे अन्याय्य आहे, असा आक्षेप येऊ शकतो. तो मान्य करता येत नाही. सात वर्षे बेजोरच्या पुनर्बांधणीचे, जुन्या गुन्ह्यांच्या खटल्यांचे, सहकार्य केलेल्यांवरील संशयाचे चित्रण याच मालिकेने केले. एका परीने ती प्रारंभापासूनच युद्धोत्तर कथा होती. आपल्याकडेही विज्ञानकथेने हा प्रश्न हाताळल्याचे उदाहरण आहे. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत १७६१ ची लढाई मराठे जिंकतात. पण लेखकाचे लक्ष लढाईवर रेंगाळत नाही. त्या निकालानंतर कंपनी सरकारचा विस्तार खुंटल्यावर देशातील सत्तांची मांडणी कशी घडली असती, याकडे ते वळते. लघुकथेच्या मर्यादेत जे साधले ते दीर्घ मालिकेस अशक्य होते असे कसे म्हणावे?

पुढील इतिहास निराशाजनक आहे. 'व्हॉयेजर' (१९९५ ते २००१) ही समांतर मालिका आकाशगंगेच्या दूरच्या भागात भरकटलेल्या यानाची असल्याने तिला या प्रश्नाशी कर्तव्य नव्हते; २००१ साली सुरू झालेली 'एंटरप्राइज' तर कालानुक्रमाने दोन शतके मागे गेली. २००२ सालच्या 'नेमेसिस' चित्रपटात रोम्युलन सिनेटचीच हत्या होते, पण तिचे कारण युद्धोत्तर संतुलनात शोधलेले नाही. २००९ सालच्या चित्रपटाने तर एका ताऱ्याच्या स्फोटात रोम्युलस ग्रहच नष्ट केला. याच मालेतील १९९१ सालच्या सहाव्या चित्रपटात एका चंद्राच्या स्फोटाने क्लिंगॉन साम्राज्य दुबळे होते आणि त्यातून तहाची गरज निर्माण होते. चेर्नोबिल आणि शीतयुद्धाचा अस्त यांचा तो उघड पडसाद होता. तेथे आपत्तीने राजकारणाला जन्म दिला. येथे आपत्तीने राजकारणापासून सुटका करून घेतली.

२०२३ सालच्या 'पिकार्ड' मालिकेच्या तिसऱ्या पर्वात अखेर विषाणूचा विषय परतला. युद्धकाळात फेडरेशनने कैद केलेल्या रूपपालट्यांवर प्रयोग केले होते आणि त्यांतून वाचलेला एक गट तहाला न जुमानता सूड घेण्यास येतो, असे त्यात दाखविले आहे. ही कल्पना उत्तम होती. पण काही भागांनंतर खरा शत्रू वेगळाच असल्याचे उघड होते आणि ज्यांच्यावर अन्याय झाला ते केवळ हस्तक ठरतात. त्यांची तक्रार ऐकून घेतली गेली, निवाडा मात्र झाला नाही. त्या मानाने 'लोअर डेक्स' या विनोदी सचेतपट मालिकेने २०२२ साली जुन्या अंतराळस्थानकावर डोमिनियनच्या प्रदेशातील व्यापाऱ्यांशी चाललेली बोलणी दाखविली. युद्धानंतर कृमिविवरातून पुन्हा माल येऊ जाऊ लागणार, दरांवर घासाघीस होणार, याची साधी आठवण या हलक्याफुलक्या भागाने ठेवली.

पहिले कृत्य मात्र अजून तसेच आहे. सिनेटर व्रीनॅकच्या मृत्यूची फेरचौकशी पडद्यावर कोणीही केलेली नाही, आणि ज्या सिनेटने ती करावयाची तिची वास्तू, तिचे दप्तर आणि तिचा ग्रह यांपैकी आता काहीच शिल्लक नाही.