‘जाते’ आणि ‘जातो’ : लिंगभावाचे व्याकरण

लिंग ही शरीराची वस्तुस्थिती आणि लिंगभाव ही संस्कृतीने दिलेली शिकवण, हा भेद मराठी समीक्षेत आता रुळला आहे. ॲन ओकली यांनी १९७२ मध्ये ‘सेक्स, जेंडर अँड सोसायटी’ या ग्रंथात तो समाजशास्त्रीय विवेचनासाठी मांडला. मराठीत मात्र ‘लिंग’ ही एकच संज्ञा शरीर आणि व्याकरण या दोहोंना लागू होते. साहजिकच व्याकरणातील लिंग हे शरीराचेच प्रतिबिंब होय, असा समज बळावतो.

प्रमाण मराठीत ‘मी जाते’ वा ‘मी जातो’ म्हणताच बोलणाराचे स्त्रीत्व वा पुरुषत्व प्रकट होते. परंतु कोल्हापूर-सांगली परिसराच्या बोलीत स्त्रियाही ‘मी जातो’ असे म्हणतात. त्यामुळे त्यांच्या स्त्रीत्वाला उणेपणा येत नाही. याउलट नारायण श्रीपाद राजहंस तथा बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनी ‘संगीत मानापमान’मधील (१९११) भामिनी आणि ‘एकच प्याला’तील (१९१९) सिंधू साकारताना स्त्रीलिंगी क्रियापदेच उच्चारली. एवढेच नव्हे, तर त्यांच्या वेशभूषेचे आणि वावरण्याचे अनुकरण तत्कालीन स्त्रियांनी केले. म्हणजे पुरुषाने अभ्यासाने आत्मसात केलेले स्त्रीत्वच स्त्रियांसाठी आदर्श ठरले.

लिंगभाव शिकलेला असतो, हे या दोन्ही उदाहरणांवरून स्पष्ट होते. मात्र तेवढ्यावर थांबणारी समीक्षा अपुरी राहते. बालगंधर्वांनी घडवलेली स्त्रीप्रतिमा प्रामुख्याने उच्चवर्णीय, प्रतिष्ठित घरातील होती. शेतात राबणाऱ्या स्त्रीची नव्हे. त्याचप्रमाणे कोल्हापूरकडची विद्यार्थिनी पुण्यात येऊन ‘जाते’ म्हणू लागते, तेव्हा तिची भाषा ‘सुधारली’ असे मानले जाते. वस्तुतः ती एका विशिष्ट प्रदेशाचे आणि वर्गाचे स्त्रीत्व शिकत असते. जे ‘स्त्रीसुलभ’ म्हणून गौरवले जाते, त्यात जात, वर्ग आणि प्रदेश यांची प्रतिष्ठा मिसळलेली असते.

म्हणून ‘लिंगभाव’ ही संज्ञा एकवचनी, एकजिनसी अर्थाने वापरणे धोक्याचे आहे. एखाद्या कादंबरीतील स्त्रीच्या तोंडच्या ‘मी जातो’ला मुद्रितशोधक चूक समजतो आणि समीक्षक ‘पुरुषी’ ठरवतो, तेव्हा दोघेही एका बोलीतील स्त्रीत्वच नाकारत असतात. शरीर आणि संस्कृती यांतील भेद मान्य केल्यानंतर ती संस्कृती कोणाची, हा प्रश्न समीक्षेला टाळता येणार नाही.